सावित्रीच्या खोऱ्यात लेखनवर्ग कशासाठी?

महाडपासून जवळच, सावित्री नदीच्या काठी सव हे गाव आहे. उन्हाळ्याच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे ते परिचित आहे. अशा स्थळांची नोंद गॅझेटियरात आणि पर्यटनविषयक पुस्तिकांत सापडते. परंतु झऱ्यावर सांधे शेकावयास येणाऱ्या वृद्धेने आपल्या तरुणपणी तेथे काय पाहिले, भरतीचे पाणी चढत असताना नदीचा आवाज कसा बदलतो, पुराची पहिली चाहूल कोणाला आणि कशी लागते, या गोष्टी त्या पुस्तकांत नसतात. त्या सांगू शकणारी माणसे गावात असतात. त्या लिहून ठेवणारी मात्र क्वचितच आढळतात.

महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्याच वेळी महाड शहर पुराखाली होते. या घटनांचे पंचनामे झाले, वृत्तपत्रांत बातम्या आल्या, अहवाल तयार झाले. ते आवश्यकच होते. तथापि पंचनाम्यात घराची किंमत येते, घराची आठवण येत नाही. ज्यांनी ती रात्र काढली त्यांनी स्वतःच्या शब्दांत ती लिहिली, तर पुढच्या पिढीला केवळ दुःख नव्हे, सावधगिरीही मिळेल. म्हणूनच गावपातळीवरील लेखनवर्ग आणि सामुदायिक साहित्यवाचन यांच्याकडे निव्वळ हौस म्हणून न पाहता लोकशिक्षणाचे एक अंग म्हणून पाहणे उचित ठरेल.

या मातीतील लेखनपरंपरा

लेखनाचा वर्ग ही कल्पना काही जणांना शहरी किंवा परकी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः या खोऱ्याइतका लेखनकलेशी जुना संबंध फार थोड्या प्रदेशांना सांगता येईल. महाड तालुक्यातील शिवथर घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. वीस दशके आणि दोनशे समास असलेल्या या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. अक्षर सारखे व मोकळे असावे, ओळी सरळ याव्यात, समास सोडावा, लेखणी आणि शाई यांची सिद्धता आधी करावी, लिहिलेले जपून ठेवावे, असा अगदी व्यवहारी उपदेश त्यात केलेला आहे. चौदाव्या दशकात कवित्वाचेही विवेचन असून तेथे कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. मनात येईल ते बळेच जुळविणे हा पहिला प्रकार. दुसऱ्यांचे पुष्कळ पाठ करून त्याच धर्तीवर रचणे हा दुसरा. आतल्या अनुभवातून सहज उमटणारे ते तिसरे. आजच्या कोणत्याही लेखनवर्गात पहिल्या दोन प्रकारांचेच लेखन आधी समोर येते आणि तेथून तिसऱ्याकडे कसे जावे, हाच वर्गाचा खरा अभ्यासक्रम असतो.

पोलादपूर येथे शिवभारत या संस्कृत काव्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी आहे. रायगडाच्या परिसरातील नाते हे चिंतामणराव देशमुख यांचे जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री अशी पदे भूषविणाऱ्या देशमुखांनी कालिदासाच्या मेघदूताचा मराठीत अनुवाद केला होता.

परंतु या भागातील लेखन केवळ विद्वानांच्या दालनात राहिले नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळविध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराला प्रश्न विचारले. वृत्तपत्रांतूनही त्यांनी लेखन केले. पुढे १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली आणि तिला काही सभासदांनी विरोध केला. आज पंचायत समितीत किंवा ग्रामपंचायतीत बसणाऱ्या सदस्यांनी या पूर्वसुरीची आठवण ठेवण्यासारखी आहे. आपले म्हणणे मुद्देसूद लिहिता आले म्हणून ज्यांचा आवाज तालुक्याबाहेर पोहोचला, अशांपैकी ते एक होत. लाडवली येथे जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे महाडच्या सत्याग्रहाच्या संघटकांपैकी एक होते. त्यांनीही पुढे संपादक म्हणून लेखणी चालविली.

ऐकण्याची सवय

लेखनाइतकीच सामुदायिक श्रवणाची परंपराही येथे रुजलेली आहे. चातुर्मासातील पोथीवाचन, हरिनाम सप्ताहातील ज्ञानेश्वरीचे पारायण, भजनी मंडळे, आंबेडकरी जलसे आणि भीमगीते यांनी गावाला एकत्र बसून शब्द ऐकण्याची शिस्त दिली. दक्षिण रायगडात आणि रत्नागिरीत लोकप्रिय असलेले जाखडी नृत्य तर एका अर्थी काव्यरचनेची शाळाच आहे. शक्तिवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचे शाहीर गण, गवळण आणि सवाल-जवाब रचतात. नवशिका गुरूच्या हाताखाली चाल, यमक व पुराणकथा शिकतो आणि प्रतिपक्षाच्या प्रश्नाला भर आखाड्यात उत्तर देतो. मुंबईस नोकरीसाठी गेलेले चाकरमानी हीच परंपरा तेथेही जोपासीत आले आहेत.

तेव्हा गावात कवी नाहीत किंवा श्रोते नाहीत, ही समजूत बरोबर नाही. उणीव असलीच तर ती वेगळ्या ठिकाणी आहे. पारंपरिक रचनेत विषय बहुधा ठरलेले असतात. स्वतःच्या आयुष्याला तेथे थोडी जागा मिळते. स्त्रियांच्या ओव्या जात्याबरोबर मागे पडत चालल्या. शाळेतील निबंध परीक्षेपुरता राहिला. जे रोज घडते आणि बोलले जाते, ते कागदावर आणण्याचे ठिकाण गावात उरले नाही. लेखनवर्गाने भरून काढावयाची जागा ती हीच.

इतरत्र झालेले प्रयत्न

महाराष्ट्रात लेखकांनी एकत्र येण्याची प्रथा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मे १८७८ मध्ये पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १९२३ मध्ये पुण्यातच स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील कवी दर रविवारी एकत्र जमून एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांवर चर्चा करीत. यशवंत आणि गिरीश यांच्या काव्यगायनाने कविता सभागृहात आली. पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी गावोगावी एकत्र काव्यवाचन करून हजारो श्रोत्यांना नव्या कवितेची गोडी लावली.

लहान गावानेही असा उपक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालविता येतो, हे सांगली जिल्ह्यातील औदुंबरने दाखविले आहे. कृष्णाकाठच्या या खेड्यात सदानंद साहित्य मंडळाच्या वतीने मकरसंक्रांतीला साहित्य संमेलन भरविण्याची प्रथा स्वातंत्र्यपूर्व काळात सुरू झाली. कवी सुधांशु यांनी ती निष्ठेने जोपासली. भव्य मंडप किंवा मोठा निधी यांपेक्षा एक निश्चित तिथी आणि ती पाळण्याचा निर्धार हेच औदुंबरच्या यशाचे रहस्य होय.

कोकणापुरते पाहावयाचे तर १९९० मध्ये रत्नागिरी येथे मधु मंगेश कर्णिक यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्यानंतर १९९१ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. केशवसुतांच्या जन्मगावी, मालगुंड येथे, परिषदेने उभारलेल्या स्मारकाचे उद्‌घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. परिषदेच्या शाखांमुळे साहित्याचा कार्यक्रम मुंबई-पुण्याकडे न पाहता तालुक्याच्या ठिकाणी होऊ लागला, हे तिचे महत्त्वाचे कार्य मानावे लागेल. महाडच्या उत्तरेस, माणगाव तालुक्यातील वडघर येथे साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक असून तेथे विद्यार्थ्यांची व युवकांची शिबिरे भरतात. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूस गेले, की २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झालेले भिलार लागते. म्हणजे प्रेरणेची स्थाने या खोऱ्याच्या भोवतालीच आहेत.

लेखन शिकविता येते काय?

प्रतिभा शिकविता येत नाही, हे खरे. परंतु निरीक्षण, शब्दांची निवड, अनावश्यक भाग गाळणे आणि लिहिलेले पुन्हा लिहिणे या गोष्टी सरावाने येतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाची कार्यशाळा चालते. तेथीलच १९६७ मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात मराठी कवी दिलीप चित्रे सहभागी झाले होते. इंग्लंडमध्ये १९३७ साली सुरू झालेल्या एका उपक्रमात तर लेखक होण्याची अटच नव्हती. सामान्य नागरिकांनी आपली दैनंदिनी लिहून पाठवावी, एवढेच अपेक्षित होते. युद्धकाळातील सामान्य घरांत काय शिजत होते आणि लोक कशाला भीत होते, हे आज अभ्यासकांना त्या दैनंदिन्यांतून कळते.

लिहिता न येणाऱ्यालाही या कार्यात स्थान आहे, ही गोष्ट येथे आवर्जून लक्षात घ्यावयास हवी. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओठांवरील कविता त्यांचे पुत्र सोपानदेव आणि इतर आप्त यांनी टिपून ठेवल्या आणि आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने १९५२ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये स्त्रियांच्या ओव्या एकत्र केल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या प्रयत्नांतून पुढे जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे, ही रीत शिवथर घळीच्या परंपरेइतकी जुनी आहे आणि ती आजही तितकीच उपयुक्त आहे.

वर्गाची आखणी

सवसारख्या गावात असा वर्ग चालवावयाचा झाल्यास त्याची आखणी शेतीचे दिवस पाहून करावी लागेल. भाताची मळणी उरकल्यानंतर आणि शिमग्याच्या आधी, साधारणतः पौष-माघात, गावाला थोडी सवड असते. आठवड्यातून एकदा, दोन तास, अशा आठ बैठका पुरेशा होतात. बारा ते पंधरा जणांपेक्षा मोठा गट करू नये. कारण प्रत्येक बैठकीत प्रत्येकाचे वाचून झाले पाहिजे. शिक्षक, ग्रंथपाल किंवा वाचनाची आवड असलेली कोणतीही व्यक्ती वर्ग चालवू शकेल. नामवंत लेखक मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

प्रत्येक बैठकीचा प्रारंभ एखाद्या चांगल्या मराठी पुस्तकातील पान-दोन पाने मोठ्याने वाचून करावा. त्यानंतर सर्वांनी वीस मिनिटे लिहावे. विषय हाताला लागेल असा असावा. ‘पावसाळा’ हा विषय दिला, की पाठ्यपुस्तकातील पावसाळा येतो. ‘पाणी पहिल्या पायरीला लागले तेव्हा घरातून प्रथम काय उचलले’ असे विचारले, तर ज्याचे त्याचे घर येते. कोणी धान्याची कणगी लिहील, कोणी सात-बाराचा उतारा, कोणी नुकतीच व्यालेली शेळी. दासबोधातील तिसऱ्या प्रकाराकडे जाण्याची वाट अशा साध्या प्रश्नातून निघते.

दुसरी बाब भाषेची. राब, दाढ, खाचर, वरकस, पऱ्या, कोंड, इरले हे शब्द या भागातील माणसाच्या तोंडी सहज येतात. परंतु कागद समोर आला, की तो ते टाकून देतो आणि छापील वाटणारे शब्द शोधू लागतो. शिक्षकांनी येथे विशेष जपावयास हवे. शुद्धलेखन शिकवावे, परंतु बोलीला अशुद्ध म्हणू नये. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या दर्जाचे मोल प्राचीन ग्रंथांइतकेच अशा जिवंत शब्दांच्या जपणुकीवर अवलंबून राहील.

तिसरी बाब अभिप्रायाची. ‘छान आहे’ हा अभिप्राय लिहिणाऱ्याच्या काही कामाचा नसतो. श्रोत्यांनी तीनच गोष्टी सांगाव्यात : डोळ्यांपुढे काय उभे राहिले, कोठे समजले नाही, आणि आणखी काय ऐकावेसे वाटले. त्यांच्या आधारे पुढील बैठकीपर्यंत तोच मजकूर पुन्हा लिहून आणावा. आठ बैठकांत आठ अपुरे लेख होण्यापेक्षा दोन पुरे झालेले अधिक चांगले. एखादी बैठक गावातील वृद्धांसाठी राखून त्यांनी सांगावे आणि विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. मग ते त्यांना वाचून दाखवून त्यांच्या संमतीनेच पक्के करावे. दुर्घटनेत आप्त गमावलेल्यांना लिहिण्याचा किंवा बोलण्याचा आग्रह मात्र कधीही करू नये.

सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी?

या उपक्रमाची खरी कसोटी त्यात कोण बसते, ही आहे. महाडच्या इतिहासाने याविषयी एक धडा घालून दिला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. त्यानुसार महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये ठराव केला. तरीही चवदार तळे प्रत्यक्षात खुले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सहस्रावधी अनुयायांसह तेथील पाणी प्राशन केले, तेव्हा त्या कागदावरील ठरावाला अर्थ आला. सूचनाफलकावर ‘सर्वांना प्रवेश’ असे लिहिल्याने वर्ग सर्वांचा होत नाही. ज्या जागी यावयास कोणालाही संकोच वाटणार नाही, अशी जागा निवडावी. शाळा किंवा ग्रंथालय बहुधा सोयीचे ठरेल. वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी. दूरच्या वाडीतील आणि आदिवासी वस्तीतील माणसे येत नसतील, तर एखादी बैठक तेथेच घ्यावी.

वाचनाचा कार्यक्रम

वर्गाच्या अखेरीस गावासमोर वाचन व्हावे. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिन मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. पौष-माघातील वर्गाला ही तिथी सोयीची पडते. वाचनाचे नियम साधे असावेत. प्रत्येकाने पाच मिनिटे वाचावे. हारतुरे आणि सत्कार यांत वेळ दवडू नये. पाहुण्यांचे भाषण असलेच तर शेवटी आणि थोडक्यात व्हावे. सरपंच आणि अधिकारी यांनी त्या दिवशी श्रोत्यांत बसावे. ऐकणे हाच त्यांचा सहभाग समजावा. एखाद्या लेखात गटाराची, रस्त्याची किंवा मदतीच्या वाटपाची तक्रार आली, तर तिने विचलित होऊ नये. ग्रामसभेत न बोलणारी व्यक्ती कथेच्या आडून बोलली असेल, तर ते ग्रामसभेच्याही हिताचे आहे. शासकीय योजनांची स्तुती लिहवून घेणे हा वर्गाचा हेतू होऊ देऊ नये. तसे झाल्यास लोक लिहितील, पण खरे लिहिणार नाहीत.

उपलब्ध साधने

अशा उपक्रमास फार मोठा खर्च येत नाही. वह्या, कंदिलाऐवजी आता असलेला विजेचा दिवा, चहा आणि एक कपाट एवढ्यावर तो चालतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे राज्यात अनुदानप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले गेले आहे. ‘ड’ वर्गातील लहानसे ग्रंथालयही वर्गाला जागा आणि पुस्तके देऊ शकते. शाळांमध्ये पूर्वापार चालत आलेले हस्तलिखित आणि भित्तिपत्रक गावासाठीही वापरता येईल. वर्गातील निवडक लेखनाचे हस्तलिखित तयार करून त्याची एक प्रत ग्रंथालयात, एक शाळेत आणि एक पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा उंच जागी ठेवावी. ज्यांचे लेखन पुस्तकापर्यंत पोहोचेल, त्यांच्यासाठी १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना आहे. मंडळ नवलेखकांच्या कार्यशाळांसही साहाय्य करीत आले आहे.

लेखनवर्गातून प्रत्येक गावाला कवी मिळेलच, असे आश्वासन कोणी देऊ शकणार नाही. मात्र आठ बैठकांनंतर बारा माणसांना आपला अर्ज, आपली तक्रार आणि आपली आठवण स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल. आणि गावाला ती ऐकून घेण्याची सवय लागेल, हे निश्चित. सावित्रीला पुन्हा पूर येईल. त्या वेळी मागच्या पुरात पाणी कोठवर आले होते, कोणत्या वाटेने माणसे बाहेर पडली आणि कोणाच्या पडवीत ती थांबली, हे शोधावयास तालुक्याच्या कचेरीत जावे लागू नये. ते गावाच्या कपाटात, गावाच्या अक्षरात मिळावे.